वाऱ्यापासून वीज : पवनचक्कीचे कार्य आणि तिच्यामागील इतिहास

शाळेच्या स्मरणिकेत आठवणी असतात, मनोगते असतात, शुभेच्छासंदेश असतात. त्या सर्वांचे आपापले स्थान आहेच. परंतु स्मरणिका शाळेची आहे म्हटल्यावर तीत एखादा पाठही असावा, आणि तो माजी विद्यार्थ्यांनी, पालकांनी व समाजबांधवांनी घरी बसून, जमल्यास आपल्या मुलांसह वाचावा, असे मला मनापासून वाटते. म्हणून या अंकासाठी मी पवनचक्की हा विषय निवडला आहे. मी इतिहासाचा शिक्षक आहे. विज्ञानाच्या शिक्षकाइतका अधिकार मला नाही. तथापि यंत्रालाही इतिहास असतो, आणि तो समजून घेण्यासाठी यंत्राचे कार्य समजून घ्यावेच लागते.

सातारा व पाटण तालुक्यांतील चाळकेवाडी, वनकुसवडेचे पठार, सांगली जिल्ह्यातील ढालगावचा परिसर, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातले ब्राह्मणवेल या भागांत ज्यांचे जाणे-येणे आहे, त्यांनी या चक्क्यांच्या रांगा पाहिलेल्या आहेत. एस.टी.च्या खिडकीतून त्या पाहताना बहुधा तीन प्रश्न विचारले जातात. पहिला, चक्की इतकी संथ फिरते, मग तिच्यातून वीज कशी निघते? दुसरा, एवढ्या मोठ्या वर्तुळात केवळ तीन बारीक पाती का? मधली सर्व जागा तर रिकामीच दिसते. तेथून वारा वाया जात नाही का? आणि तिसरा, वारा वाहत असतानाही काही चक्क्या उभ्याच का असतात? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे क्रमाक्रमाने पाहू, आणि शेवटी ही विद्या कोठे वाढली याकडे वळू. कारण त्या इतिहासाचा निवासी शाळेशी जवळचा संबंध आहे.

१. वाऱ्यात शक्ती किती?

हवा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिला वजन नाही असा आपला समज होतो. वस्तुतः समुद्रसपाटीजवळ एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२ किलोग्रॅम भरते. उंच पठारावर ते थोडे कमी होते. ही वजनदार हवा वाहू लागली म्हणजे वारा, आणि वाहणाऱ्या प्रत्येक पदार्थात गतीची ऊर्जा असते.

एक उदाहरण घेऊ. एका चक्कीचे पाते ४० मीटर लांबीचे आहे असे समजा. ते फिरून जे वर्तुळ आखते त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५,००० चौरस मीटर होते. म्हणजे जवळजवळ सव्वा एकराचे रान उभे करून वाऱ्यासमोर धरल्यासारखे झाले. वाऱ्याचा वेग सेकंदाला ८ मीटर असेल, तर या वर्तुळातून दर सेकंदाला सुमारे ४० हजार घनमीटर हवा जाते. तिचे वजन ४८ टन भरते. दर सेकंदाला ४८ टन, हे मनात नीट धरले म्हणजे वाऱ्याची ताकद कळते. या हवेतील गतीची ऊर्जा मोजली तर ती सुमारे दीड हजार किलोवॅट एवढ्या शक्तीइतकी येते.

येथे एक नियम ध्यानात घ्यावयास हवा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याची शक्ती दुप्पट होत नाही, ती आठपट होते. कारण असे की, वेग दुप्पट झाल्यावर त्याच वर्तुळातून दुप्पट हवा जाते, आणि त्या हवेच्या प्रत्येक किलोतील ऊर्जा चौपट झालेली असते. दोन गुणिले चार म्हणजे आठ. उलट, वारा ८ मीटरवरून ४ मीटरवर आला, तर आपल्या उदाहरणातील दीड हजार किलोवॅट घटून सुमारे १९० किलोवॅटच उरतात. म्हणूनच चक्क्या उंच पठारावर, घाटमाथ्यावर, समुद्रकिनारी उभारतात आणि मनोरेही उंच बांधतात. जमिनीलगत झाडे, घरे, टेकाडे वाऱ्याला अडवतात. जसजसे वर जावे तसतसा वारा मोकळा होतो. वेगात पडलेला थोडासा फरकही विजेच्या हिशेबात फार मोठा ठरतो.

२. पाते फिरते कसे?

वारा पात्याला ढकलतो आणि पाते फिरते, ही सर्वसाधारण समजूत आहे. जुन्या काळातील काही चक्क्या खरोखर अशाच चालत. इराणच्या पूर्वेकडील सीस्तान प्रांतातील चक्क्यांची वर्णने दहाव्या शतकातील भूगोलकारांनी केली आहेत. त्यांचा आस उभा असे आणि त्याभोवती बोरू किंवा लाकडाचे पडदे बांधलेले असत. एका बाजूला भिंत घालून वारा अडवीत आणि दुसऱ्या बाजूने तो पडद्यांवर येऊ देत. वारा पडद्याला ढकली, आस फिरे आणि जात्यावर धान्य दळले जाई. अशा चक्कीला एक मर्यादा असते. ज्याला वारा मागून ढकलतो ती वस्तू वाऱ्यापेक्षा अधिक वेगाने जाऊ शकत नाही. शिवाय वर्तुळाचा अर्धा भाग वाऱ्याविरुद्ध परत यावा लागतो.

आजची चक्की निराळ्या तत्त्वावर चालते. ते समजण्यासाठी पतंग आठवावा. पतंग वाऱ्यासमोर थोडा तिरपा असतो. त्यावर आदळणारी हवा खालच्या दिशेला वळते, आणि हवेला खाली वळवण्याच्या बदल्यात पतंग वर उचलला जातो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे प्रत्येक क्रियेला तितकीच व विरुद्ध प्रतिक्रिया असते. पक्ष्याचा पंख आणि विमानाचा पंख यांचेही तेच आहे. पंखाचा आकार गोलसर फुगीर असल्याने हवा त्याच्या दोन्ही बाजूंना चिकटून वाहते व वळते. फुगीर बाजूवर हवेचा दाब कमी होतो, दुसऱ्या बाजूवर तो अधिक राहतो. दाबातील या फरकाने पंखावर वाऱ्याच्या दिशेला आडवे असे बल निर्माण होते. त्याला उत्थापक बल म्हणावे. इंग्रजीत त्यालाच लिफ्ट म्हणतात.

पवनचक्कीचे पाते म्हणजे असा पंखच होय. तो एका टोकाने मधल्या आसाला बांधलेला आहे, त्यामुळे तो उडून जाऊ शकत नाही. उत्थापक बल त्याला आडवे ओढते आणि तो गोल फिरू लागतो. घरातील छताचा पंखा याच्या उलट काम करतो. पंख्याला आपण वीज देतो, तो फिरतो आणि तिरप्या पात्यांनी हवा लोटतो. चक्कीला वारा फिरवतो आणि ती आपल्याला वीज देते.

आता यातील महत्त्वाची गोष्ट पाहा. पाते एकदा फिरू लागले की त्याला केवळ मूळ वारा लागत नाही. सायकल वेगाने चालवली की वारा पडलेला असतानाही समोरून वारा लागतो, तसा पात्याला त्याच्या स्वतःच्या गतीमुळे समोरून वारा लागतो. मूळ वारा आणि हा गतीचा वारा मिळून पात्यावर जो वारा येतो तो मूळ वाऱ्यापेक्षा कितीतरी जोरदार असतो, आणि त्यामुळे उत्थापक बलही वाढते. म्हणून पात्याचे टोक वाऱ्याच्या सहा-सातपट वेगाने धावू शकते. ढकलल्या जाणाऱ्या पडद्याला जे अशक्य, ते या पंखाला शक्य होते.

पात्याला बुडख्यापासून टोकापर्यंत पीळ दिलेला असतो, त्याचे कारणही येथेच आहे. आसाजवळचा भाग लहान वर्तुळात सावकाश फिरतो, टोक मोठ्या वर्तुळात वेगाने फिरते. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी वारा वेगळ्या कोनातून येतो. त्या त्या ठिकाणी पाते योग्य कोनात राहावे म्हणून त्याला पीळ द्यावा लागतो.

पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आता देता येते. आपल्या उदाहरणात ८ मीटर वेगाचा वारा आहे. पात्याचे टोक त्याच्या सातपट, म्हणजे सेकंदाला ५६ मीटर वेगाने धावते. ताशी हा वेग सुमारे २०० किलोमीटर होतो. टोकाच्या वर्तुळाचा परीघ मात्र सुमारे २५० मीटर आहे, म्हणून एक फेरी पूर्ण व्हायला साडेचार सेकंद लागतात. मिनिटाला जेमतेम तेरा फेऱ्या होतात. दूरवरून आपण फेऱ्या मोजतो आणि चक्की संथ आहे असे म्हणतो. तिचे टोक त्या वेळी महामार्गावरील कोणत्याही मोटारीपेक्षा वेगाने जात असते.

३. तीनच पाती का?

पात्याचे टोक इतक्या वेगाने जाते, यातच दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. एक पाते जेथून गेले तेथे हवेवर त्याचा परिणाम झालेला असतो. ती हवा पुढे सरकून नवी हवा येते तोवर दुसरे पाते तेथे पोहोचते. म्हणजे डोळ्यांना जी जागा रिकामी दिसते ती वाऱ्याच्या दृष्टीने रिकामी नसते. पाती आणखी वाढवली तर प्रत्येक पात्याला आधीच्याने ढवळलेली हवा मिळेल, चक्की जड होईल, खर्च वाढेल आणि वेग कमी होईल. विहिरीचे पाणी उपसण्यासाठी अनेक पात्यांची चक्की चांगली, कारण तेथे वेग नको, जोर हवा असतो. विजेसाठी वेग हवा. एक किंवा दोन पात्यांची चक्कीही चालते, पण तिचा तोल तीन पात्यांइतका सांभाळला जात नाही आणि यंत्राला हिसके बसतात. तीन पात्यांवर काम, खर्च व तोल या तिन्हींचा मेळ बसतो.

मग वाऱ्यातील सर्व ऊर्जा आपण का घेऊ शकत नाही? समजा, घेतली. तर पात्यामागे गेलेली हवा जागच्या जागी थांबेल. ती थांबली की मागून येणाऱ्या हवेला वाट उरणार नाही आणि वारा चक्कीला वळसा घालून बाजूने निघून जाईल. काहीच ऊर्जा घेतली नाही तरी उपयोग नाही. या दोहोंच्या मध्ये कोठेतरी उत्तम स्थिती असली पाहिजे. आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० मध्ये ती गणिताने दाखवून दिली. चक्कीमागे वाऱ्याचा वेग मूळच्या एक तृतीयांश उरला असता सर्वाधिक ऊर्जा मिळते, आणि ती वाऱ्यातील ऊर्जेच्या सुमारे ५९ टक्के असते. यापलीकडे कोणतीही चक्की जाऊ शकत नाही. चांगल्या चक्क्या प्रत्यक्षात चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांपर्यंत पोहोचतात. आपल्या उदाहरणातील दीड हजार किलोवॅटपैकी सुमारे ६५० किलोवॅट हाती येतील. हा वारा तासभर तसाच राहिला तर ६५० युनिट वीज तयार होईल. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या सहा घरांची ती महिनाभराची गरज आहे.

४. फिरण्यापासून वीज

फिरणाऱ्या आसापासून वीज कशी होते, हे ज्यांनी डायनॅमो लावलेली सायकल चालवली आहे त्यांना वेगळे सांगावे लागू नये. चाकाला टेकलेली लहान बाटली, तिच्या आत फिरणारे चुंबक, भोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे आणि पुढे पेटणारा दिवा. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये हे तत्त्व प्रयोगाने सिद्ध केले. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवले, किंवा चुंबकाजवळ वेटोळे हलवले, तर तारेत विद्युतप्रवाह निर्माण होतो. चुंबक स्थिर असेल तर काहीच होत नाही. प्रवाह निर्माण होतो तो बदलातून, हालचालीतून. फॅरडे लोहाराचा मुलगा होता आणि पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करताना बांधणीला आलेली पुस्तके वाचून शिकला, हेही विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे आहे.

पवनचक्कीतील जनित्र म्हणजे हाच डायनॅमो मोठ्या रूपात. अडचण एवढीच की, आपल्या देशातील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आहे आणि तशी वीज देणारे नेहमीचे जनित्र मिनिटाला सुमारे १,५०० फेऱ्यांनी फिरावे लागते. पाती तर मिनिटाला तेरा फेऱ्या घेतात. म्हणून मधे गिअरबॉक्स असतो. सायकलच्या मोठ्या चकतीवरून साखळी लहान चकतीवर येते तेव्हा पायडलची एक फेरी मागच्या चाकाच्या अनेक फेऱ्या होते, तसेच येथे दातेरी चाकांच्या साहाय्याने एका फेरीच्या शंभराहून अधिक फेऱ्या होतात. पहिल्या प्रश्नाचे उरलेले उत्तर ते हेच. काही नव्या चक्क्यांत गिअरबॉक्स नसतो. त्याऐवजी जनित्रच मोठे करून त्यात पुष्कळ चुंबके बसवतात, म्हणजे कमी फेऱ्यांतही काम भागते. पुष्कळ आधुनिक चक्क्यांत फेऱ्या वाऱ्याप्रमाणे कमीजास्त होऊ देतात आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणेच्या साहाय्याने विजेची आवर्तने नेमकी ५० वर आणतात.

सायकलच्या डायनॅमोचा आणखी एक अनुभव येथे उपयोगी आहे. डायनॅमो चाकाला टेकवला की पायडल जड होते. दिवा पेटण्याची किंमत पायांना मोजावी लागते. चक्कीतही जनित्रातून वीज ओढली जाऊ लागली की आस जड होतो आणि वारा त्याला जोर लावून फिरवतो. त्या बदल्यात वाऱ्याचा वेग कमी होतो. वीज शून्यातून येत नाही. वाऱ्याने आपल्या गतीतील जेवढे गमावले त्याहून अधिक आपल्याला मिळत नाही.

जनित्रातून निघालेली वीज बहुधा ६९० व्होल्टच्या आसपास असते. मनोऱ्याच्या पायथ्याशी किंवा वरच्या पेटीत असलेला ट्रान्सफॉर्मर तिचा दाब वाढवून ३३ हजार व्होल्टपर्यंत नेतो. दाब वाढवला की तितकीच वीज कमी प्रवाहाने नेता येते आणि तारा तापून होणारा नाश कमी होतो. पुढे उपकेंद्रामार्गे ती राज्याच्या जाळ्यात मिसळते. एकदा मिसळली की ती वाऱ्याची, कोळशाची की कोयनेच्या पाण्याची, हे वेगळे काढता येत नाही.

५. चक्की उभी का राहते?

मनोऱ्याच्या माथ्यावर जी लांबट पेटी दिसते, तिच्यात गिअरबॉक्स, जनित्र आणि ब्रेक असतात. पेटीवर वाऱ्याचा वेग मोजणारे व दिशा दाखवणारे लहान उपकरण असते. दिशा बदलली की मोटारी संपूर्ण पेटी वळवून तोंड वाऱ्याकडे करतात. आतल्या तारांना एकाच बाजूने फार पीळ बसला तर चक्की थांबून उलट फिरते आणि तो पीळ सोडवते.

पात्यांचा कोनही बदलता येतो. वारा सेकंदाला तीन-चार मीटरपेक्षा कमी असेल तर चक्की वीज देत नाही. त्यापुढे वारा वाढेल तशी वीज वाढते. बारा-तेरा मीटरच्या आसपास जनित्र पूर्ण क्षमतेला पोहोचते. त्याहून वारा वाढला तर पाती थोडी वळवून जास्तीची शक्ती सोडून देतात, अन्यथा जनित्र जळेल. सुमारे २५ मीटरपुढे, म्हणजे ताशी ९० किलोमीटरच्या वाऱ्यात, पाती वाऱ्याला धारेने सामोरी करून चक्की थांबवली जाते. शिडाची नाव वादळात शीड उतरवते तसाच हा प्रकार आहे. याशिवाय दुरुस्तीसाठी, किंवा विजेच्या जाळ्यात वीज घेण्यास वाव नसल्यामुळेही चक्की थांबवावी लागते. तेव्हा उभी चक्की म्हणजे बंद पडलेली चक्की, असे समजण्याचे कारण नाही. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर हे आहे.

६. एका निवासी शाळेतील प्रयोग

वाऱ्यापासून वीज निर्माण करण्याचे पहिले प्रयत्न १८८७-८८ च्या सुमारास झाले. स्कॉटलंडमध्ये जेम्स ब्लाइथ या प्राध्यापकाने आणि अमेरिकेत चार्ल्स ब्रश या उद्योजकाने आपापल्या जागेत चक्क्या उभारून दिवे लावले. दोन्ही प्रयोग मोठे होते, पण ते त्यांच्या आवारापुरते राहिले. ही विद्या गावोगाव गेली ती डेन्मार्कमधून, आणि तिचा उगम एका शाळेत झाला.

डेन्मार्कमध्ये एकोणिसाव्या शतकात ग्रुंटविग या विचारवंताच्या प्रेरणेने लोकशाळा सुरू झाल्या. शेतकऱ्यांच्या तरुण मुलांनी तेथे येऊन राहावे, शिकावे आणि शहाणे होऊन आपल्या गावी परतावे, हा त्यामागील हेतू होता. परीक्षा नाहीत, पदव्या नाहीत. आस्कोव्ह येथील लोकशाळा अशांपैकी एक. पौल ला कूर हे १८७८ मध्ये या शाळेत गणित व भौतिकशास्त्र शिकवण्यासाठी आले. त्यापूर्वी ते हवामान खात्यात वरिष्ठ पदावर होते आणि तारायंत्रातील शोधांमुळे त्यांचे नाव झाले होते. शहरांना वीज मिळेल आणि खेडी अंधारात राहतील, मग तरुण खेडी सोडून जातील, ही त्यांची चिंता होती. डेन्मार्कमध्ये कोळसा नाही, मोठे धबधबे नाहीत; वारा मात्र भरपूर आहे. सरकारचे साहाय्य मिळवून त्यांनी १८९१ मध्ये शाळेच्या आवारात प्रायोगिक चक्की उभारली.

वारा नसेल तेव्हा काय, हा प्रश्न त्यांनाही पडला. त्यांनी विजेच्या साहाय्याने पाण्याचे पृथक्करण करून हायड्रोजन वायू साठवला आणि सुमारे सात वर्षे शाळेतील दिवे त्यावर चालवले. स्फोट होऊन खिडक्यांच्या काचा फुटण्याचे प्रसंगही आले. पुढे बॅटऱ्यांची सोय करून आस्कोव्ह गावालाही वीज पुरवली गेली. हवेचा झोत सोडणाऱ्या नळीत निरनिराळ्या आकाराची पाती ठेवून त्यांनी मोजमापे घेतली, आणि विजेसाठी थोड्या पात्यांची, वेगाने फिरणारी चक्कीच योग्य, हे दाखवून दिले. आज पठारावर आपल्याला जी तीन पाती दिसतात त्यांच्या मागे या मोजमापांचीही पुण्याई आहे.

पण ला कूर यांचे मोठे काम मला निराळेच वाटते. १९०४ पासून त्यांनी शाळेत ग्रामीण विजतंत्र्यांचे वर्ग सुरू केले. शेतकऱ्यांची मुले तेथे येऊन चक्की, जनित्र, बॅटरी, तारजोडणी शिकली आणि आपापल्या भागात लहान वीजकेंद्रे उभारण्यास व चालवण्यास गेली. अशा वर्गातून शिकलेला योहानेस यूल हा तरुण पुढे वीजकंपनीत अभियंता झाला. वार्धक्याकडे झुकलेला असताना, १९५७ मध्ये, त्याने गेडसर येथे २०० किलोवॅटची तीन पात्यांची चक्की उभी केली. ती १९६७ पर्यंत चालली. खनिज तेल स्वस्त झाल्याने मग तिची कोणाला गरज वाटली नाही. परंतु १९७३ मध्ये तेलाचे संकट आले आणि सर्वांना तिची आठवण झाली. क्रिस्टियन रीसागर या सुताराने तिच्याच धर्तीवर घराजवळ लहान चक्की उभारली. ट्विंड येथील शाळांचे शिक्षक, विद्यार्थी व स्वयंसेवक यांनी तर १९७५ ते १९७८ या काळात ५४ मीटर व्यासाची, त्या वेळी जगातील सर्वांत मोठ्या चक्क्यांत गणली जाणारी चक्की स्वतःच्या हातांनी बांधली. डेन्मार्कचा पवनचक्की उद्योग या परंपरेतून उभा राहिला.

७. आपल्याकडे

आपल्या देशात १९८६ मध्ये महाराष्ट्र, गुजरात व तमिळनाडूच्या किनारपट्टीवर पहिली पवनकेंद्रे उभी राहिली. तेथे ५५ किलोवॅटची डॅनिश बनावटीची यंत्रे बसवली होती. आस्कोव्हच्या शाळेतून निघालेला धागा असा कोकणच्या किनाऱ्यापर्यंत येऊन पोहोचला. आज एकेक चक्की दोन-तीन हजार किलोवॅट क्षमतेची असते. २०२५ मध्ये देशाच्या पवनऊर्जेची एकूण क्षमता ५० हजार मेगावॅटपलीकडे गेली. महाराष्ट्राचा वाटा सुमारे पाच हजार मेगावॅटचा आहे.

विजेच्या प्रश्नाचा विचार करताना आणखी एका गोष्टीची नोंद करणे इतिहासाचा शिक्षक म्हणून मला आवश्यक वाटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्या खात्याकडे होता. ऑक्टोबर १९४३ मध्ये विद्युतशक्तीविषयक धोरण समितीच्या बैठकीत अध्यक्षस्थानावरून त्यांनी वीज स्वस्त आणि मुबलक असली पाहिजे, त्यावाचून देशाचे औद्योगिकीकरण होणार नाही आणि औद्योगिकीकरणावाचून लोक दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटणार नाहीत, अशी मांडणी केली. वीज कोणाच्या मालकीची असावी, हाही प्रश्न त्यांनी त्या समितीपुढे ठेवला. मुंबईच्या चाळीत कंदिलाच्या उजेडात अभ्यास केलेल्या माणसाने विजेकडे चैनीची वस्तू म्हणून पाहिले नाही, यात नवल नाही.

पवनविजेला मर्यादाही आहेत, त्या सांगितल्याखेरीज पाठ पुरा होत नाही. आपल्याकडे वाऱ्याचा मुख्य हंगाम पावसाळ्याचा. जून ते सप्टेंबर चक्क्या भरभरून वीज देतात, हिवाळ्यात पुष्कळदा मंदावतात. दोन हजार किलोवॅटची चक्की वर्षभर सतत दोन हजार किलोवॅट देत नाही. वर्षाची सरासरी काढली तर तिच्या क्षमतेच्या पाव भागाच्या आसपास वीज मिळते. म्हणून पाणी, सूर्य, साठवणूक यांची जोड तिला लागते. ला कूर यांनी हायड्रोजनमध्ये ऊर्जा साठवली होती, आणि आज जगभर त्याच मार्गाने पुन्हा प्रयत्न चालू आहेत. पात्यांना धडकून पक्षी मरतात, रस्त्यांसाठी पठारे कापली जातात, आणि चक्की ज्या गावाच्या शिवारात उभी राहते त्या गावाला तिच्यापासून काय मिळावे हा प्रश्नही राहतो.

या शेवटच्या प्रश्नाकडे मला पालकांचे लक्ष वेधायचे आहे. वारा कोणाच्या नावावर नसतो. पण मनोरा कोणाच्या तरी जमिनीत रोवला जातो, करार कोणीतरी करतो, आणि माथ्यावर चढून यंत्र दुरुस्त करण्याचा पगार कोणालातरी मिळतो. ग्रामसभेत करार वाचला जाईल तेव्हा क्षमता म्हणजे काय, युनिट म्हणजे काय, वर्षाला वीज किती निघेल, हे ज्याला कळते तोच नेमका प्रश्न विचारू शकतो. आपल्या मुलांनी त्या मनोऱ्याच्या पायथ्याशी केवळ राखणदार म्हणून उभे राहावे, की आतल्या शिडीने वर जाऊन जनित्र उघडावे, याचा निर्णय दहावीनंतरच्या दोन-तीन वर्षांत होतो. आय.टी.आय.तील वीजतंत्री, यंत्र पदविका, विज्ञान शाखा हे मार्ग आपल्या मुलांना खुले आहेत. मुलींनाही खुले आहेत. आस्कोव्हच्या वर्गात शेतकऱ्यांची मुले आली तेव्हा त्यांच्यापाशी मोठी पूर्वतयारी नव्हती. त्यांना शिकवणारा भेटला आणि शिकण्यासाठी राहण्याची सोय होती. आपल्या शाळेतही या दोन गोष्टी आहेत.

स्वाध्याय

१. कागदाची बोटभर रुंद पट्टी ओठांखाली धरावी, ती खाली लोंबू द्यावी आणि तिच्या वरच्या बाजूने जोराने फुंकर घालावी. पट्टी वर का उचलली जाते, याचे उत्तर 'पाते फिरते कसे?' या भागाच्या आधारे मुलांना सांगावे.

२. सायकलचे मागचे चाक अधांतरी ठेवून हाताने पायडल फिरवावे. पायडलच्या एका फेरीत चाकाच्या किती फेऱ्या होतात ते मोजावे. डायनॅमो मिळाल्यास तो टेकवून व काढून, हाताला लागणाऱ्या जोरातील फरक पाहावा.

३. घरातील तीन महिन्यांची वीजबिले काढून एकूण युनिट मोजावेत. आपल्या उदाहरणातील चक्कीला ८ मीटरच्या वाऱ्यात तेवढी वीज देण्यास किती मिनिटे लागतील, याचे गणित मुलांकडून करून घ्यावे.

४. पुढच्या वेळी प्रवासात चक्की दिसली तर घड्याळ लावून तिच्या एका मिनिटातील फेऱ्या मोजाव्यात. पात्याची लांबी ४० मीटर धरून टोकाचा वेग काढावा, आणि उत्तर वर्गशिक्षकांना लिहून कळवावे.